सबवूफर आधी ठरवावा की बॉक्स?

मंद्रसप्तक :

नमस्कार मंडळी. गाडीत सबवूफर बसवायचा आहे आणि वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झाला आहे, म्हणून हा धागा.

गाडी हॅचबॅक. डिकीतली निम्मी जागा सामानाला मोकळी राहिली पाहिजे, ही घरची अट आणि ती रास्त आहे. ऐकणं म्हणाल तर शास्त्रीय, चित्रपटगीतं, थोडं जॅझ. दारांतले स्पीकर सूर बरे देतात, पण तबला ऐकताना डग्गा नुसता टकटक वाजतो. घुमक नाहीच. बास गिटार तर कान देऊन शोधावी लागते.

दोन वूफर निवडून ठेवलेत. माहितीपत्रकातले आकडे असे :

१० इंची - एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, क्यूईएस ०.४९, व्हीएएस ५० लिटर, आरएमएस ४०० वॅट, दुहेरी कॉइल, प्रत्येकी ४ ओहम.

१२ इंची - एफएस २६ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५५, क्यूईएस ०.६०, व्हीएएस ७५ लिटर, खोक्यावर ठळक १२०० वॅट, आत बारीक अक्षरात आरएमएस ३५०.

मन १२ इंचीकडे झुकतंय. बसवून देणारे म्हणाले, "१२ इंची भोक असलेला कुठलाही तयार बॉक्स चालतो." खरंच चालतो का? बंद बॉक्स घ्यावा की पोर्टवाला? आणि हे एफएस, क्यूटीएस वगैरे नक्की कशासाठी बघायचं?


घुमारा :

चालत नाही. बॉक्स म्हणजे वूफर ठेवायचं कपाट नव्हे, तो निम्मा वूफर आहे. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी डिकीत टेप लावून जागा मोजा. त्या जागेत निव्वळ किती लिटरचा बॉक्स बसतो ते काढा. मग त्या घनफळात नीट वागणारा वूफर निवडा आणि त्याला साजेसा अँप्लिफायर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि मग बास 'गुडगुडतो' म्हणून वूफरला बोल लावतात.

आता आकडे. एफएस म्हणजे वूफर मोकळ्या हवेत ज्या कंपनसंख्येला आपणहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे त्याच्या सस्पेन्शनइतकी लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये. क्यूटीएस सांगतो की डोलायला लागलेल्या शंकूला (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) लगाम किती आहे. आकडा लहान, तर चुंबकाची पकड घट्ट. आकडा मोठा, तर शंकू सैल.

वूफर बंद बॉक्समध्ये ठेवला की आतली कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. बॉक्स जितका लहान तितकी स्प्रिंग कडक. त्यामुळे डोलण्याची कंपनसंख्याही वर सरकते आणि क्यूही वाढतो. दोन्ही एकाच पटीने. ती पट काढायला व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि वर्गमूळ घ्यायचं. एफएसला त्या पटीने गुणलं की बॉक्समधली कंपनसंख्या एफसी मिळते, क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी. क्यूटीसी ०.७०७ च्या आसपास असेल तर बास सपाट येतो, कुठे उंचवटा नाही. ०.५ च्या जवळ गेला तर अगदी आटोपशीर, काहींना कोरडा वाटेल असा. १ च्या वर गेला की एक ठरावीक पट्टा फुगतो.

तुमच्या अटीत ३० लिटर निव्वळ बसतील असं धरू.

१० इंची : ५० भागिले ३० म्हणजे १.६७, अधिक १ म्हणजे २.६७, वर्गमूळ १.६३. एफसी आला ४९ हर्ट्झ, क्यूटीसी ०.७३. उत्तम.

१२ इंची : ७५ भागिले ३० म्हणजे २.५, अधिक १ म्हणजे ३.५, वर्गमूळ १.८७. एफसी ४८.६ हर्ट्झ, क्यूटीसी १.०३.

एफसी दोघांचा जवळपास तोच आला, हे नीट बघा. एफएस २६ वाचून जी खोली तुम्हाला मिळेल असं वाटलं होतं, ती या बॉक्सने खाऊन टाकली. वर ६७ हर्ट्झच्या आसपास जवळजवळ दीड डेसिबलचा उंचवटा आला तो वेगळाच. या १२ इंचीला ०.७०७ वर आणायचं तर सुमारे ११५ लिटरचा बॉक्स लागेल. तुमची डिकी संपली.

डग्ग्याचं म्हणाल तर त्याच्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. वादक तळव्याचा दाब वाढवत घिस्सा घेतो तेव्हा नाद खालून वर सरकत जातो. क्यूटीसी ताब्यात असेल तर तो सरकणारा नाद अखंड ऐकू येतो. बॉक्स चुकला असेल तर वाटेत एकाच जागी आवाज अचानक फुगतो आणि पुन्हा बसतो. बास गिटारमध्येही तेच, एक सूर अंगावर येतो आणि शेजारचा गायब होतो. म्हणून बॉक्स ऐकून बघायचा असेल तर घिस्सा भरपूर असलेलं ध्वनिमुद्रण सोबत न्या.


धडधड :

मला साफ उलटं हवंय. सेडान आहे, डिकी अख्खी मोकळी, ऐकतो हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक. छातीत बसला पाहिजे बास. तर मग पोर्टवाला बॉक्सच ना? आणि पोर्ट जितका मोठा तितका चांगला, बरोबर?


घुमारा :

पहिल्याला हो, दुसऱ्याला अर्धवट हो.

पोर्टवाल्या बॉक्समध्ये, म्हणजे बाहेर उघडणारी नळी ठेवलेल्या बॉक्समध्ये, शंकूच्या मागची हवाही कामाला लावतात. पोर्टमधला हवेचा दट्ट्या आणि बॉक्समधली हवेची स्प्रिंग मिळून एका कंपनसंख्येला घुमतात, तिला एफबी किंवा ट्यूनिंग म्हणायचं. त्या आसपास बहुतेक आवाज पोर्टमधून येतो आणि शंकू जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त. पण ट्यूनिंगच्या खाली दोन गोष्टी होतात. एक म्हणजे आवाज झपाट्याने पडतो, दर सप्तकाला २४ डेसिबलने. बंद बॉक्समध्ये हीच घसरण १२ डेसिबल असते. दुसरी जास्त महत्त्वाची : शंकूमागची स्प्रिंगच नाहीशी होते. ३५ हर्ट्झच्या बॉक्समध्ये २२ हर्ट्झचा सूर जोरात गेला तर शंकू मोकाट सुटतो आणि कॉइल, म्हणजे शंकू हलवणारं तारेचं वेटोळं, मागच्या प्लेटवर आपटते. म्हणून पोर्टवाला बॉक्स असेल तर अँप्लिफायरवर अगदी खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर हवाच. ट्यूनिंग ३५ असेल तर फिल्टर २८ ते ३० हर्ट्झच्या दरम्यान लावा. हा फिल्टर नसलेला अँप्लिफायर पोर्टवाल्या बॉक्सला देऊच नका.

कुठला वूफर कुठे शोभतो, याचा चटकन अंदाज घ्यायला एफएसला क्यूईएसने भागा. क्यूईएस म्हणजे फक्त चुंबक आणि कॉइल यांचा लगाम, आणि या भागाकाराला ईबीपी म्हणतात. उत्तर ५० च्या खाली आलं तर बंद बॉक्स, १०० च्या वर तर पोर्टवाला, मधे आलं तर दोन्हीकडे जमवता येतं. मंद्रसप्तक यांचा १० इंची ६१ वर येतो, म्हणजे मधला, बंदकडे झुकलेला. १२ इंची ४३. त्याला पोर्टच्या वाटेला न्यायचंच नाही.


सुतारपक्षी :

पोर्टचा प्रश्न माझ्या आवडीचा. गणित करून दाखवतो. निव्वळ ५० लिटरचा बॉक्स, ट्यूनिंग ३५ हर्ट्झ, गोल नळी.

नळीचा आतला व्यास ७.५ सेंमी असेल तर लांबी १६ सेंमी.
व्यास १० सेंमी, तर ३१ सेंमी.
व्यास १५ सेंमी, तर जवळजवळ ७६ सेंमी!

नळी रुंद केली की तेच ट्यूनिंग राखायला ती लांबही करावी लागते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे लांबी भराभर पळते. पन्नास लिटरच्या बॉक्समध्ये ७६ सेंमीची नळी घालणार कुठे? वळवून घातली तरी तिने खाल्लेली जागा भरून काढायला बॉक्स मोठा करावा लागतो. उलट नळी फार अरुंद ठेवली तर हवेचा वेग वाढतो आणि फसफस ऐकू येते. वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर कान सुखी. गाडीतल्या एरवीच्या आवाजात २५ पर्यंत सहसा खपून जातो. तोंडाला बाहेर वळलेली गोलाई असेल तर फसफस आणखी कमी होते. लाकडी आयताकृती पोर्ट करणार असाल तर प्रत्येक घनफुटाला १२ ते १६ चौरस इंच तोंड, हा चालत आलेला अंदाज आहे. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

पोर्टचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यात निदान पोर्टच्या रुंदीइतकं अंतर सोडा. ते कमी पडलं तर ट्यूनिंग खाली घसरतं.


मंद्रसप्तक :

घुमारा, सुतारपक्षी, फार फार आभार. घिस्स्याचा मुद्दा तर थेट काळजाला भिडला. म्हणजे मी १० इंची आणि बंद बॉक्स असा विचार करतोय. पण एक शंका आहे. एफसी ४९ म्हणजे त्याच्या खाली आवाज घसरणार. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर असते, पाच तारांची तर ३१ वर. ते ऐकूच येणार नाही का?


घुमारा :

येईल. इथे गाडी तुमच्या मदतीला येते.

खोलीच्या मानाने गाडीची आतली जागा फार लहान. ध्वनीची अर्धी तरंगलांबी गाडीच्या सर्वांत लांब आतल्या मापापेक्षा मोठी झाली की लाट तयार व्हायला जागाच उरत नाही. शंकू आत-बाहेर होताना अख्ख्या गाडीतल्या हवेचा दाबच वर-खाली करतो. तिथून खाली, तेवढ्याच हालचालीला दाब वाढत जातो. आतली लांबी २.७ मीटर धरली तर ३४३ भागिले ५.४, म्हणजे साधारण ६४ हर्ट्झपासून हे सुरू होतं. कागदावर ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल. प्रत्यक्षात काचा, दारं, पत्रा लवचीक असतात, फटींतून दाब निसटतो, म्हणून त्याहून कमीच मिळते.

बंद बॉक्सची घसरणही १२ डेसिबलचीच. एक उतार, दुसरा चढ. दोन्हींची बेरीज केली की गाडीत बसलेल्या माणसाच्या कानाला बास खाली ३० पर्यंत बराचसा सपाट लागतो. घरातल्या खोलीत जो बंद बॉक्स खाली कमी पडला असता, तो गाडीत पुरून उरतो. पोर्टवाल्याची २४ ची घसरण हा चढ निम्मीच भरून काढतो, आणि ट्यूनिंगच्या वरचा भाग मात्र आणखी फुगतो. धडधड यांना तेच हवंय, तुम्हाला नको.


आकडेमोड :

घुमारा यांच्या गणिताशी भांडण नाही, निष्कर्षाशी थोडं आहे.

क्यूटीसी १.०३ म्हणून १२ इंची बाद, हे डीएसपी (आवाजाला डिजिटल पद्धतीने वळण देणारं उपकरण) नसलेल्या गाडीत बरोबर. पण बंद बॉक्सची वागणूक अगदी सरळ, दुसऱ्या श्रेणीची असते. ६७ हर्ट्झवरचा दीड डेसिबलचा उंचवटा पॅरामेट्रिक इक्वलायझरने कापला की नुसती पातळीच सुधारत नाही, शंकूचं रेंगाळणंही तेवढंच कमी होतं. लिंक्विट्झ ट्रान्सफॉर्म नावाचा फिल्टर याच कामाचा आहे. बॉक्सचा मूळ एफसी आणि क्यूटीसी सांगायचा, हवा तो नवा एफसी आणि क्यूटीसी सांगायचा, फिल्टर मधला फरक भरून काढतो.

मग उरतं काय? शंकूचं क्षेत्रफळ गुणिले त्याची हालचाल, म्हणजे किती हवा हलते. १२ इंची शंकू साधारण ५०० चौरस सेंमी, १० इंची ३४० च्या घरात. तेवढ्याच हालचालीत १२ इंची जवळजवळ दीडपट हवा हलवतो. आवाज तोच ठेवून मोकळ्या हवेत एक सप्तक खाली जायचं तर शंकूला चौपट हलावं लागतं, तेव्हा हे दीडपट मोलाचं आहे.


घुमारा :

मुद्दा मान्य, आणि बरं झालं मांडलात. उंचवटा कापायचा असेल तर काहीच खर्ची पडत नाही, उलट अँप्लिफायरला आरामच. पण लिंक्विट्झने एफसी ४९ वरून ३० वर ओढायचा म्हणजे तळाला साडेआठ डेसिबल जास्त द्यायचे, म्हणजे सातपट वॅट. ३५० आरएमएसच्या कॉइलमध्ये ते जिरवायला गेलात तर कॉइल तापेल आणि आवाज आवळला जाईल. मंद्रसप्तक यांच्याकडे डीएसपी असल्याचं त्यांनी लिहिलेलं नाही. नसेल तर बॉक्सनेच काम केलं पाहिजे. तुम्ही म्हणता ते पुढे कधी डीएसपी आला तर.

हे सगळं जुन्याच नियमात बसतं. जोसेफ अँटन हॉफमन, केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच', यांनी सांगून ठेवलंय की लहान बॉक्स, खोल बास आणि कमी वॅटमध्ये जास्त आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. डीएसपीने तिसरी फुकट मिळत नाही, वॅट मोजावे लागतात.

थोडं इतिहासाचंही लिहितो, कारण ही माणसं आठवायलाच हवीत. पोर्टवाल्या बॉक्सचं पेटंट बेल लॅबमधल्या अल्बर्ट थुरास यांचं, १९३२ चं. बंद बॉक्समधल्या हवेलाच स्प्रिंग मानायची कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमधून बाजारात आणली. पण बॉक्स आणि वूफर यांची सांगड आकड्यांनी घालता येते, हे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या निबंधांत पूर्णत्वाला नेलं. माहितीपत्रकावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस म्हणून 'थील-स्मॉल' आकडे. ज्या वूफरसोबत ते छापलेले नाहीत तो मी विकत घेत नाही. त्याला बॉक्स कशावरून करायचा?


मधली सीट :

मधेच विचारते. आमच्याकडे डिकीत एक इंचसुद्धा मोकळी नसते, लहान मुलाची गाडी, बॅगा, सगळं. सीटखाली बसणारा चपटा सबवूफर मिळतो, अँप्लिफायर आतच. तो घेण्यात अर्थ आहे का?


आकडेमोड :

नक्की आहे. अपेक्षा मात्र जागेवर ठेवा. बहुतेकांत ८ इंची शंकू असतो. त्याचं क्षेत्र १२ इंचीच्या निम्म्याहूनही कमी आणि चपटेपणामुळे हालचालही मर्यादित. छातीत बसणारा बास येणार नाही. पण दारांतल्या स्पीकरांखालची जी मोकळी जागा आहे, साधारण ४० ते ८० हर्ट्झ, ती छान भरून निघते. शिवाय सीटखालून आल्यामुळे बास मागून येतोय असं वाटत नाही. घेण्याआधी सीट पूर्ण खाली आणि पुढे-मागे करून खालची उंची मोजा. एसीची नळी किंवा वायरिंगचा जुडगा कुठे आहे तेही हात घालून बघा.

सुटं चाक ठेवायच्या खोलगट जागेत बसणारे गोल बॉक्सही असतात. तिथे मात्र सुटं चाक कुठे ठेवणार, याचं उत्तर आधी हवं.


मधली सीट :

सुटं चाक हलवणार नाही. सीटखालचाच बघते. आभारी आहे.


सुतारपक्षी :

मंद्रसप्तक, आता तुमचा बॉक्स करूया. लाकूड १८ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकूडतंतूंची फळी). माप बाहेरून सांगायचं नाही, आतून मोजायचं.

आतलं माप ४५ × ३० × २४ सेंमी घेतलं तर ३२.४ लिटर. त्यातून वूफरचं चुंबक आणि बास्केट खातं ती जागा वजा करा. हा आकडा माहितीपत्रकात असतो. १० इंचीला दीड-दोन लिटर धरा. उरले तीसच्या जरासे वर. हाच बॉक्स बाहेरून ४८.६ × ३३.६ × २७.६ सेंमी होतो, म्हणजे ४५ लिटर. जवळजवळ १३ लिटर नुसत्या फळ्यांच्या जाडीत गेले! तयार बॉक्सवर लिहिलेले लिटर बाहेरचे की आतले, हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि शक्य असेल तर टेप आत घालून स्वतः मोजा.

मागच्या सीटची पाठ कललेली असते, म्हणून सीटकडची बाजू तिरकी करा. वरची खोली १८ आणि खालची ३० ठेवली तर सरासरी २४ येते, घनफळ तेच राहतं आणि बॉक्स सीटला चिकटून बसतो. फक्त वूफर जिथे बसतो तिथली खोली तपासा. चुंबकाच्या मागे दोन-तीन सेंमी हवा मोकळी राहिली पाहिजे, विशेषतः चुंबकाला मधे भोक असेल तर. ते कॉइलचं श्वासाचं भोक आहे.

सांध्यांना लाकडाचा गोंद आणि स्क्रू, स्क्रूआधी ड्रिलने बारीक भोक, नाहीतर एमडीएफची कड फाटते. आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन फिरवा आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत वूफर लावू नका. बहुतेक सिलिकॉन वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं, ते कॉइलच्या तारांना आणि चिकट सांध्यांना चांगलं नाही. समोरची फळी दुहेरी केलीत तर उत्तम, पण मग तेवढं आतलं माप कमी झालं हे धरा.

उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस आत सैलसर भरा. त्यामुळे बॉक्स आहे त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मोठा असल्यासारखा वागतो. तुमचे ३० लिटर ३४ च्या आसपास वागतील आणि क्यूटीसी बरोबर ०.७१ वर येईल. चुंबकाच्या भोकासमोर मात्र कापूस येऊ देऊ नका. पोर्टवाल्यात असा भरायचा नाही, तिथे फार तर भिंतींना पातळ थर.

वूफर बसवल्यावर दोन्ही तळवे शंकूवर सगळीकडून सारखे ठेवून हलकेच आत दाबा आणि सोडा. बॉक्स हवाबंद असेल तर शंकू सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे. बहुधा टर्मिनलच्या कपापाशीच सापडते.


तांब्याची तार :

वॅटविषयी कोणीच बोललं नाही. ते १२०० वगैरे क्षणभराचं शिखर, त्याच्याकडे बघूच नका. आरएमएस, म्हणजे वूफर सतत झेलू शकतो ते वॅट, तेवढं खरं.

१० इंचीच्या दोन कॉइल ४-४ ओहमच्या. समांतर जोडल्या तर २ ओहम, एकसर जोडल्या तर ८. म्हणून २ ओहमवर ४०० वॅट आरएमएस देणारा मोनो अँप्लिफायर शोधा. '१ ओहमवर ४००' असं लिहिलेला घेतलात तर २ ओहमवर तो त्याहून बराच कमी देईल. पुढे दुसरा तसलाच वूफर जोडायचा विचार असेल तर चारही कॉइल समांतर म्हणजे १ ओहम, हे आत्ताच ध्यानात घ्या.

विजेचा हिशेब : डी क्लास अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला तर ४०० वॅटला ५०० वॅट ओढणार. १३.८ व्होल्टला ३६ अँपिअर. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असेल तर एक-दोन माप जाड लागेल, कारण ती वीज बरीच कमी वाहून नेते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवाच. तो अँप्लिफायर वाचवण्यासाठी नसतो. ती वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

अँप्लिफायरवरचं गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, आत येणाऱ्या सिग्नलशी जुळवून घ्यायचं बटण. सबवूफरची वायर काढा, इक्वलायझर आणि बास बूस्ट शून्यावर, ५० हर्ट्झचा सूर लावा, हेड युनिटचा (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचा) आवाज पाऊणवर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या बाहेरच्या टोकांना लावा. ४०० वॅट गुणिले २ ओहम, त्याचं वर्गमूळ २८. गेन हळूहळू वाढवत २८ व्होल्टला थांबायचं. त्यापुढे नेलंत तर लाटेची टोकं छाटली जातात आणि कॉइल जळण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे.


धडधड :

सुतारपक्षी, मी ५० लिटर, ३५ हर्ट्झ, १० सेंमीची नळी असाच करायला घेतोय. वूफर १० इंचीच, पण ईबीपी ९० च्या वर असलेला शोधला. बॉक्स झाल्यावर ट्यूनिंग खरंच ३५ आलं का, हे कसं कळणार?


सुतारपक्षी :

डोळ्यांनी दिसतं. फोनवर सूर वाजवणारं कुठलंही अॅप घ्या, आवाज मध्यम ठेवा आणि ५० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. शंकूच्या कडेकडे तिरका प्रकाश पडेल अशी बॅटरी धरा. ४५ ला शंकू थरथरत असतो, मग थरथर कमी कमी होत जाते, आणि एका आकड्याला तो जवळजवळ थांबतो. त्याच वेळी पोर्टपाशी हात धरलात तर वारा सर्वांत जोरात लागेल. तो आकडा म्हणजे तुमचं ट्यूनिंग. आणखी खाली गेलात की शंकू एकदम मोठे हेलकावे घ्यायला लागतो. तिथे लगेच थांबा.

३५ च्या ऐवजी ३८ आलं तर नळी थोडी लांब करायची, ३२ आलं तर कापायची. म्हणून पहिल्यांदा दोन-तीन सेंमी लांबच ठेवा. कापणं सोपं असतं. आणि ५० लिटर म्हणजे वूफर, नळी, आधाराच्या पट्ट्या सगळं वजा करून ५०, हे विसरू नका.


आकडेमोड :

दोघांनाही एक सांगतो. सबला ८० हर्ट्झच्या खालचेच सूर द्या आणि दारांतल्या स्पीकरांना ८० च्या वरचेच. दुसरं काम बहुतेक जण करत नाहीत. ६ इंची स्पीकरवरून खालचा बोजा उतरला की मधले सूर आपोआप स्वच्छ होतात.

मग चालकाच्या सीटवर बसून ८० हर्ट्झचा सूर लावा आणि सबची फेज (शंकू आधी बाहेर जातो की आत) उलटसुलट करून बघा. ज्या बाजूला तो सूर भरीव लागेल ती बरोबर. हेड युनिटमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर जवळच्या स्पीकरांना उशीर द्या. अंतरातल्या दर मीटर फरकाला २.९ मिलिसेकंद. हे जमलं की डिकीतला बास समोरच्या काचेपाशी येऊन बसतो.


मंद्रसप्तक :

ठरलं तर मग. १० इंची, बंद, तिरक्या पाठीचा ३० लिटर, समांतर २ ओहम. डिकी मोजली, जागा पुरते, सामानाची निम्मी बाजू मोकळी राहते. शेवटचं विचारतो. बॉक्स जड असेल तर नुसता ठेवला तरी हलत नाही ना?


सुतारपक्षी :

नुसता ठेवू नका. या मापाच्या फळ्यांचंच वजन नऊ-दहा किलोच्या आसपास होतं, वर वूफर. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर तो मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीवर येतो. खाली दोन आणि बाजूला एक असे लोखंडी एल-कोन बॉक्सला आरपार बोल्टने लावा, एमडीएफमध्ये नुसत्या स्क्रूवर भरवसा नको. बोल्टची भोकंही सिलिकॉनने बुजवा, नाहीतर हवाबंद बॉक्स गळायला लागेल. गाडीच्या बाजूला सीटचे किंवा सामान बांधायच्या कड्यांचे मूळ बोल्ट असतात, त्यांचाच आधार घ्या. नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर आधी गाडीखाली जाऊन बघा. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग तिथूनच गेलेलं असतं.

आणि मागची नंबरप्लेट व डिकीचं आतलं प्लॅस्टिक थरथरायला लागेल. वूफर चालू करण्याआधीच त्यामागे फेल्टची पट्टी लावून टाका.